चौकट कुठे काढायची? : आनंदीबाई जोशींच्या वंशावळीच्या कामाच्या नोंदी

१२ जानेवारी २०२५, रविवार

भाचीचा फोन. ती कल्याणला शाळेत शिकवते, मराठी आणि इतिहास. ११ मार्चला शाळेत डॉ. आनंदीबाई जोशींवर छोटं प्रदर्शन आहे. ११ मार्च १८८६ ला त्यांना फिलाडेल्फियाच्या विमेन्स मेडिकल कॉलेजातून एम.डी. मिळाली, म्हणून तो दिवस. "मावशी, तू वंशावळ काढून दे. सहा बाय चारचा फ्लेक्स करू. फोटो, माहिती, तक्ते सगळं मुलं करतायत, पण मला एक झाड हवंय. कुणाची कोण, ते एका नजरेत दिसलं पाहिजे."

हो म्हटलं. पोस्टातून निवृत्त होऊन सात वर्षं झाली, तेव्हापासून माझा हाच उद्योग. आतापर्यंत पाच घरांची झाडं काढून झाली. त्यात आत्याच्या सासरचे जोशीही आले, आठ पिढ्या, एकशे चौदा चौकटी. इथे तर बाई बावीस पूर्ण व्हायच्या आत गेली, मागे मूलबाळ नाही. म्हटलं, दोन संध्याकाळींचं काम.

१४ जानेवारी, संक्रांत

तीळगूळ आटोपून दुपारी खाकी कागद पसरला.

वंशावळीचा रिवाज ठरलेला. वर मूळपुरुष, खाली मुलगे, त्यांच्या खाली त्यांचे मुलगे. सुना नवऱ्याच्या चौकटीत, बारीक अक्षरात. मुली असल्याच तर 'कन्या २' अशा, आकड्यात. काही कुलवृत्तांतांत मुलींची नावं आणि कोणत्या घरी दिल्या तेही असतं, पण तिथून पुढे रेघ नसते. मुलगी दिली की कागद संपला.

तर या रिवाजाने पहिला कागद: अमृतेश्वर जोशी, त्यांचे गणपतराव, गणपतरावांची बायको गंगाबाई, त्यांची मुलगी यमुना. जन्म ३१ मार्च १८६५. आई गंगा आणि मुलगी यमुना, ठेवणाऱ्याने नावं हौसेने ठेवलेली. रिवाजाप्रमाणे यमुना इथे 'कन्या' म्हणून थांबते.

दुसरा कागद: विनायक जोशी, त्यांचे गोपाळराव, मूळचे संगमनेरचे. गोपाळरावांच्या चौकटीत दोन बायका. पहिली वारली. दुसरी आनंदी.

म्हणजे जिच्यासाठी हे झाड काढायचं ती एका कागदावर टोकाची कन्या आणि दुसऱ्यावर बारीक अक्षरातली दुसरी बायको. नावं दोन, एका नावाने दुसऱ्या कागदावर शोधली तर सापडणार नाही. ताम्हणात तांदूळ पसरून अंगठीने नवं नाव लिहायचं ते माझ्याही लग्नात झालं होतं. तेव्हा मजा वाटली होती. वंशावळी काढायला लागल्यापासून मात्र त्या तांदळांवर माझा राग आहे. माझ्या स्वतःच्या पणजीचं माहेरचं नाव मला दोन वर्षं सापडत नव्हतं, ते याच कारणाने.

१५ जानेवारी

भाचीला कच्चा कागद पाठवला. उत्तर आलं: "मुलं विचारणार, दोन्हीकडे जोशी, म्हणजे भावकीतच लग्न केलं का?"

बरोबर विचारणार. जोशी हे आडनाव कामावरून पडलेलं. पंचांग सांगेल, मुहूर्त काढेल तो जोशी. गावोगाव जोशी आहेत, आणि आडनाव एक म्हणजे कूळ एक नव्हे. भावकीत, सगोत्रात त्या काळी लग्न झालंच नसतं. खाली एक ओळ टाकायची: 'कल्याणचे जोशी वेगळे, संगमनेरचे जोशी वेगळे.' दोन घरांना दोन रंगही देते. माहेर निळं, सासर तांबडं.

१९ जानेवारी

आज गोपाळरावांचा रकाना. यात मी जरा रमले, कारण गडी आमच्या खात्यातला. टपाल खात्यात कारकून. लग्न १८७४ सालचं. मुलगी नऊ वर्षांची, नवरा तिच्याहून वीसेक वर्षांनी मोठा. (नऊ वर्षांच्या पोरीला 'त्या' म्हणवत नाही. लग्नापर्यंत 'ती' लिहिणार आहे, पुढे 'त्या'. भाचीने व्याकरण सुधारू नये.)

नंतर बदल्या. कल्याणहून अलिबाग, मग कोल्हापूर, मुंबई, थेट भूज, आणि तिथून बंगालमध्ये कलकत्ता आणि श्रीरामपूर. हा रस्ता नकाशावर बोटाने काढून बघा. माझ्या नोकरीत चार बदल्या झाल्या, चारही एका जिल्ह्यात, तरी दर वेळी घरातली बरणी फुटायची आणि शाळेचा दाखला अडकायचा. अलिबागला तिच्याबरोबर तिची आजी गेली होती, सोबत म्हणून. गोपाळरावांनी शिकवायला बसवायचं आणि आजीने घर बघायचं. आजीसाठी झाडात एक चौकट काढली आणि तिच्यात फक्त 'आजी' असं लिहिलं. अशा चौकटी पाचही घरांत आहेत माझ्याकडे.

एक गंमत मुलांना सांगण्याजोगी. तिचं लग्न झालं त्याच १८७४ साली स्वित्झर्लंडमध्ये बर्नला जागतिक टपाल संघाचा करार झाला. १८७६ मध्ये हिंदुस्थान त्यात आला. त्याआधी परदेशी पत्राचा दर देशादेशाच्या वेगवेगळ्या करारांवर ठरायचा, हिशेब करताना कारकुनाची दमछाक. करारानंतर ठरलेल्या दराचं एक तिकीट लावलं की पत्र पार पोचतं. आमच्या प्रशिक्षणात हे पाठ करून घेतलं होतं, परीक्षेपुरतं. ते कधी कुणाच्या आयुष्याला लागून येईल असं वाटलं नव्हतं. पुढे त्यांच्या अमेरिकेतल्या मानलेल्या मावशीच्या नोंदीत लागेल, म्हणून इथे लिहून ठेवते.

२६ जानेवारी

झेंडावंदन करून आले आणि बसले. आज एकच चौकट.

१८७८ साली त्यांना मुलगा झाला. वय तेरा-चौदा. मूल दहा दिवस जगलं. पुढे डॉक्टर व्हायचं त्यांच्या मनात आलं ते याच दुःखातून, असं सगळीकडे सांगितलं जातं, आणि ते खरंच आहे. बाईमाणसाला बाई डॉक्टर मिळत नाही, आणि पुरुष डॉक्टरला नाडीसुद्धा दाखवायची सोय नाही, हे त्यांनी अंगावर काढलेलं होतं.

पण माझा हात थांबला तो वेगळ्याच ठिकाणी. प्रत्येक चौकटीत नाव लिहायचं असतं. बारसं बाराव्या दिवशी. मूल दहा दिवसांचं. म्हणजे पाळण्यात घालून कानात नाव सांगायच्या आधीच गेलं.

आमच्या जुन्या कुलवृत्तांतांत अशा मुलांना 'अल्पायुषी' म्हणतात, बहुतेक वेळा तेही लिहीत नाहीत. संगणकावर झाड काढायचं जे सॉफ्टवेअर आहे ते नावाशिवाय चौकट स्वीकारतच नाही. नाव रिकामं ठेवलं की तांबडी सूचना येते. 'मुलगा' लिहिलं तर खाली आडनाव विचारतं. तासभर त्याच्याशी भांडले. शेवटी रिकाम्या जागेत एक टिंब दिलं, ते त्याने घेतलं. फ्लेक्सवर टिंब दिसणार नाही, चौकट दिसेल. त्याखाली 'दहा दिवस'.

भाचीला विचारलं, सातवी-आठवीच्या मुलांसमोर हे ठेवायचं का? म्हणाली, ठेव.

४ फेब्रुवारी, रथसप्तमी

हळदीकुंकू होतं घरी. खाकी कागद दिवाणावरच होता, उचलायचा राहिला. वाणाचे डबे घेऊन बायका त्याच्याभोवती जमल्या आणि मग काय, गोपाळरावांवर परिसंवाद.

"नवरा असावा तर असा. त्या काळात बायकोला अमेरिकेला पाठवायचं म्हणजे काय!"

"असा नसावा हो. मारायचा की तिला. अभ्यास केला नाही म्हणून."

दोन्ही खरं आहे. त्यांनी अमेरिकेतून नवऱ्याला लिहिलेल्या एका पत्रात हिशेब मांडलाय: दहाव्या वर्षी लाकडाच्या तुकड्यांनी मारलं, बाराव्या वर्षी खुर्च्या आणि पुस्तकं फेकली, चौदाव्या वर्षी सोडून देण्याची धमकी दिली. आणि हे लिहिणारी बाई त्याच पत्रव्यवहारात त्याचे उपकारही मानते. शेजारच्या वहिनी म्हणाल्या, "म्हणजे तुमच्या तांबड्या रेघेला दोन रंग द्यावे लागतील." एकीने सुचवलं, रेघच पुसा. पुसून कसं चालेल? लग्नाची रेघ लग्नाची असते, संसार कसा झाला ते रेघ सांगत नाही.

हेच गोपाळराव पुढे १८९० मध्ये पुण्याच्या पंचहौद मिशनमधल्या चहाच्या प्रकरणात येतात. सगळ्या प्रतिष्ठितांना मिशनमध्ये व्याख्यानाला बोलावलं, चहा-बिस्किटं पुढे केली, आणि कोण कोण गेलं होतं ती नावं वर्तमानपत्रात छापवून आणली. रानडे, टिळक, सगळे प्रायश्चित्ताच्या वादात सापडले. वहिनींना हे सांगितल्यावर त्या म्हणाल्या, "बापरे, आणि हा माणूस पोस्टात होता?" यावर मी काय बोलणार.

एका वाटीतलं कुंकू कागदाच्या कोपऱ्यावर सांडलं. संगमनेरच्या बाजूला. राहू दिलं.

९ फेब्रुवारी

मावशीची चौकट. सगळ्यात अवघड.

कोल्हापूरला असताना १८७८ मध्ये गोपाळरावांनी रेव्हरंड रॉयल वाइल्डर यांना पत्र लिहिलं. वाइल्डर कोल्हापुरात मिशनचं काम करून परत अमेरिकेत गेले होते, प्रिन्स्टनहून मिशनचं एक मासिक काढत. गोपाळरावांना बायकोच्या शिक्षणासाठी मदत हवी होती. वाइल्डरांनी ख्रिस्ती व्हायचा सल्ला दिला आणि पत्रव्यवहार मासिकात छापला. तसं पाहिलं तर तो नकारच. पण १८८० मध्ये न्यू जर्सीतल्या रोझेल गावच्या थिओडीशिया कार्पेंटर या बाई दातांच्या डॉक्टरकडे आपला नंबर यायची वाट बघत होत्या, आणि समोर पडलेला तो अंक त्यांनी उघडला.

दाताच्या डॉक्टरकडे माणूस दुखण्याकडे लक्ष जाऊ नये म्हणून मिळेल ते वाचतं. त्यातून हे झालं. कार्पेंटरबाईंनी पत्र धाडलं. इकडून उत्तर गेलं. तीन वर्षं पत्रं चालली. सण कसे करता, काय खाता, आजारी पडल्यावर काय करता, सगळं. मधल्या काळात इकडे बदली, नवा पत्ता, पुन्हा बदली. पत्ता बदलून पुढे पाठवायच्या पत्रांच्या गठ्ठ्यावर मी दोन वर्षं बसले होते. जुना पत्ता आडव्या रेघेने खोडायचा, नवा बाजूला लिहायचा, शिक्का मारायचा. माणूस हलला तरी पत्र त्याला गाठतं, हे त्या टेबलावर रोज दिसायचं.

या पत्रांत आनंदीबाईंनी त्यांना मावशी म्हणायला सुरुवात केली. पाहिलेलं नाही, भेटलेलं नाही, भाषा वेगळी, धर्म वेगळा. आणि मावशी. आत्या नाही, काकू नाही. आत्या बापाकडची, काकू नवऱ्याकडे गेल्यावरही मिळते, मावशी मात्र माहेरच्या आत असते, आईच्या बाजूची.

७ एप्रिल १८८३ ला त्या कलकत्त्याहून बोटीत बसल्या, नवरा बरोबर नाही. ४ जूनला न्यूयॉर्कला उतरल्या. धक्क्यावर मावशी घ्यायला आलेली. वय अठरा. उन्हाळा मावशीच्या घरी रोझेलला, मग फिलाडेल्फियाला कॉलेज. सुटीत परत रोझेल. पहिलटकरणीसारखं माहेरपण अमेरिकेत.

हे झाडात कसं दाखवायचं? रक्ताची रेघ सरळ, लग्नाची रेघ दुहेरी. मानलेल्या नात्याला माझ्याकडे चिन्हच नाही. पाच घरांत कधी लागलं नाही. म्हणजे लागलं असणार, कुणी सांगितलं नसणार. सध्या कागदाच्या उजव्या कडेला एक वेगळी चौकट, आणि तिथून 'आनंदी'पर्यंत तुटक रेघ. रेघ लांबच्या लांब जाते, वाटेत गोपाळरावांना ओलांडून. दिसायला भिकार दिसते.

१५ फेब्रुवारी

रमाबाई.

आनंदीबाई गेल्यानंतर वर्षभरात, १८८८ मध्ये, कॅरोलाइन डॉल यांनी बॉस्टनहून त्यांचं इंग्रजी चरित्र काढलं. त्याच्या शीर्षकातच त्यांना 'पंडिता रमाबाईंची नातलग' म्हटलंय. चरित्र एकीचं, ओळख दुसरीच्या नात्याने. वंशावळवालीला असं शीर्षक म्हणजे पर्वणी. रमाबाई डोंगऱ्यांच्या, लग्नानंतर मेधावी. नातं लांबचं. पण ते नातं बाईंनी जपलं एवढं खरं: पदवीदानाला रमाबाई अमेरिकेत हजर होत्या. पुढच्या वर्षी रमाबाईंनी इंग्रजीत उच्चवर्णीय हिंदू स्त्रीवर पुस्तक लिहिलं, त्याला प्रस्तावना आनंदीबाईंच्या कॉलेजच्या डीन रेचेल बॉडली यांची.

लांबच्या नात्यालाही तुटक रेघच देते. फिकट.

आपल्याकडचं म्हणाल तर काशीबाई कानिटकरांनी १८८९ मध्ये मराठीत चरित्र लिहिलं. बाईने बाईचं. चरित्रकार झाडात येत नाहीत, तरी मला त्यांना कुठेतरी बसवावंसं वाटत होतं. आवरलं.

१८ फेब्रुवारी

मुलांनी निवडलेला फोटो भाचीने पाठवला. १० ऑक्टोबर १८८५, कॉलेजमधला. तिघी: साडीतल्या आनंदीबाई, किमोनोतल्या जपानच्या केई ओकामी, आणि सीरियाच्या सबात इस्लामबुली त्यांच्या देशी पोशाखात. पुढे ओकामी १८८९ ला आणि इस्लामबुली १८९० ला डॉक्टर झाल्या.

सातवीतल्या एकाने विचारलंय, या तिघी बहिणी का? भाचीने त्याला हसू नका म्हणून बजावलं. मीही हसले नाही. माझा कागद बघून मलाही आता हल्ली काही सांगता येत नाही.

साडी बघत बसले. फिलाडेल्फियाच्या थंडीत ही साडी. अमेरिकेत कपडे काय घालावे, काय खावं, यावर त्यांनी पुष्कळ विचार केला होता. जाण्याआधी, २४ फेब्रुवारी १८८३ ला, श्रीरामपूर कॉलेजच्या सभागृहात त्यांनी इंग्रजीत भाषण केलं. हिंदू म्हणून जाईन, हिंदू म्हणून राहीन, असं भर सभेत सांगितलं. मग थंडीत साडीच. पोस्टात एसी बसवल्यावर आम्ही पहिल्या आठवड्यात स्वेटर आणले होते.

प्रबंधाचा विषय: आर्य हिंदूंमधलं प्रसूतिशास्त्र. एकविसाव्या वर्षी. 'दहा दिवस' ही चौकट मी याच्या शेजारी आणून ठेवली.

२६ फेब्रुवारी, महाशिवरात्र

आज पुण्यतिथी. उपास होता, साबुदाण्याची खिचडी करून ठेवली आणि कागद घेतला.

कोल्हापूरच्या आल्बर्ट एडवर्ड हॉस्पिटलात स्त्रियांच्या विभागाच्या प्रमुख म्हणून त्यांची नेमणूक झाली होती. नोव्हेंबर १८८६ मध्ये त्या मुंबईला उतरल्या त्या क्षयाने पोखरलेल्या. नोकरीवर रुजू होणं झालंच नाही. २६ फेब्रुवारी १८८७, पुणे. एकवीस वर्षं, अकरा महिन्यांना थोडे दिवस कमी.

आता माझ्या कामाचा प्रश्न. वंशावळीत गेलेल्या माणसाच्या चौकटीत वारल्याचं साल घालतात आणि पुढे काही नाही. बाईच्या बाबतीत तर तेही कमी वेळा. इथे मात्र पुढे आहे. गोपाळरावांनी अस्थी अमेरिकेला मावशीकडे धाडल्या. मावशीने त्या आपल्या कुटुंबाच्या दफनाच्या जागेत ठेवल्या, न्यूयॉर्क राज्यात, हडसन नदीकाठच्या पोकीप्सी गावच्या स्मशानभूमीत. दगड आहे. त्यावर आनंदीबाई जोशी, एम.डी., १८६५–१८८७, आणि खाली: शिक्षणासाठी हिंदुस्थान सोडून गेलेली पहिली ब्राह्मण स्त्री. इंग्रजी आडनावात शेवटी दोन 'ई' (Joshee), त्या स्वतः लिहीत तसं. शुक्रावरच्या एका विवराला त्यांचं नाव दिलंय, तिथेही तेच दोन 'ई'. निदान स्पेलिंग कुणी बदललं नाही.

तर कार्पेंटरांच्या पिढ्यानपिढ्यांच्या कबरींमध्ये एक जोशी. त्यांच्याकडचं कुणी आपली वंशावळ काढायला त्या जागी गेलं, दगड मोजत गेलं, तर हा दगड मोजावाच लागणार. त्यांच्या झाडात ती आहेच. आमच्या दोन्ही झाडांत ती एकीकडे टोकाची कन्या, एकीकडे बारीक अक्षर. आणि तिकडे पूर्ण नावानिशी, पदवीनिशी, दगडात.

खिचडी गार झाली.

१ मार्च

फाइल छपाईवाल्याकडे. त्याच्याकडे जुना फॉन्ट, माझी फाइल युनिकोडमध्ये. बदलताना ऱ्हस्व वेलांट्या एका अक्षराने सरकल्या. दोन तास उभी राहून एकेक चौकट तपासली. 'थिओडीशिया'चं काय झालं होतं ते लिहीत नाही.

४ मार्च

फ्लेक्स आला. सहा बाय चार, रंग झकास. मधल्या सगळ्यात मोठ्या चौकटीत ठळक अक्षरात: 'डॉ. आंनदीबाई जोशी'.

अनुस्वार एक घर मागे. दोन तास तपासलं त्यात मी शीर्षकाची चौकट तपासलीच नव्हती, ती बरोबर असणारच म्हणून. पुन्हा छापायला दिला. निम्मे पैसे त्याने सोडले, निम्मे मी.

६ मार्च

दुसरा फ्लेक्स घेऊन शाळेत गेले. भिंतीवर लावून बघायचा होता. खिळे ठोकायला शाळेतल्या मावशी आल्या. त्या तिथे तीस वर्षं आहेत, पोरांपासून मुख्याध्यापकांपर्यंत सगळे त्यांना मावशीच म्हणतात. शिडीवर चढून त्यांनी वरचे दोन कोपरे धरले, आणि वरूनच वाचायला लागल्या. मी खालून सांगत होते: ही निळी रेघ माहेरची, ही तांबडी लग्नाची, ही तुटक मानलेली.

"ही गोरी बाई कोण?"

"ती तिची अमेरिकेतली मावशी. मानलेली."

"मग इतक्या लांब का टांगलीय? मावशी म्हणजे आईची बहीण ना? पोरीला कशाला जोडता, आईला जोडा. गंगाबाईच्या शेजारी."

शिडी हलत होती म्हणून मी धरून उभी होते. तशीच उभी राहिले. पंचवीस दिवस मी मुलीपासून तिकडे रेघ ओढत होते. नातं सांगायचं तर वरच्या पिढीतून सांगायचं, हे मी बाकीच्यांना शिकवते. गंगाबाई आणि थिओडीशिया एका ओळीत, आडव्या रेघेने. मग मुलीकडे वेगळी रेघ लागतच नाही. ती आपोआप भाची होते. थिओडीशियाबाईंच्या मुली आपोआप मावसबहिणी. गोपाळरावांना ओलांडून जाणारी ती भिकार रेघही नाहीशी.

आणि गंगाबाईंची चौकट, जिच्यात नावाखेरीज मला काही लिहायला नव्हतं, तिला एक बहीण.

भाची म्हणाली, "तिसरा फ्लेक्स छापायचे पैसे नाहीत, मावशी." शाळेतल्या मावशींना वाटलं, त्यांनाच म्हणतेय. त्या म्हणाल्या, "छापायला कशाला पाहिजे? कापा आणि चिकटवा."

कटरने कार्पेंटरबाईंची चौकट उजव्या कडेतून कापून काढली, दुहेरी चिकटपट्टीने डावीकडे गंगाबाईंच्या शेजारी बसवली. कापलेल्या जागी भोक पडलं, मागून पांढरा कागद लावला. जुनी तुटक रेघ पांढऱ्या रंगाने झाकली, तरी तिरकस उजेडात दिसते. नवी रेघ हिरव्या स्केचपेनने मावशींनीच ओढली. पट्टीशिवाय, पण सरळ आली.

११ मार्च

प्रदर्शन झालं. चौथीतल्या एका मुलीने 'दहा दिवस' वाचून विचारलं, याचं नाव काय? शेजारच्या मुलाने सांगितलं, बारसं झालं नव्हतं त्याचं. ती म्हणाली, हं, आणि पुढे गेली.

एक आजोबा बराच वेळ फ्लेक्ससमोर उभे होते. मला म्हणाले, "हे तुमचं चुकलंय. मेम गंगाबाईंची बहीण कशी असेल?" मी म्हटलं, हो, मानलेली आहे. "मग तसं लिहा." हिरव्या रेघेवर स्केचपेनने 'मानलेली' लिहिलं. हे त्यांचं बरोबर होतं, आधीच लिहायला हवं होतं.

१२ मार्च

फ्लेक्स परत आणला, भाचीच्या घरी ठेवायला जागा नाही. कपाटावर पाच गुंडाळ्या आहेत, ही सहावी. प्रत्येकीवर चिकटपट्टी लावून घराचं आडनाव लिहिते. हिच्यावर 'जोशी' लिहिलं असतं तर आत्याकडच्या जोशांशी घोळ झाला असता. 'गंगाबाई' लिहिलं.